शुक्राच्या वातावरणाचा अभ्यास करणारे यान कसे तयार करावे : नाशिकमधील विद्यार्थी-गटांसाठी मार्गदर्शिका

परग्रहाच्या वातावरणाचा अभ्यास करण्यासाठी मानवरहित यान तयार करायचे म्हणजे नेमके काय काय करायचे, याची मांडणी येथे केली आहे. नाशिकमधील अभियांत्रिकी आणि विज्ञान महाविद्यालयांतील जे गट अशा मोहिमेचा आराखडा कागदावर करतात, किंवा त्यातील एखादे उपकरण टेबलावर उभे करून पाहू इच्छितात, ते वाचक म्हणून डोळ्यांसमोर आहेत. उदाहरण म्हणून सर्वत्र शुक्र घेतला आहे. त्याचे एक कारण असे की, भारताच्या शुक्र परिक्रमा मोहिमेला केंद्रीय मंत्रिमंडळाने १८ सप्टेंबर २०२४ रोजी १,२३६ कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली असून तिचे उड्डाण मार्च २०२८ मध्ये अपेक्षित आहे. दुसरे कारण असे की, शुक्राचे वातावरण तयारीतील कोणतीही कसूर पोटात घालत नाही.

प्रश्न आधी, उपकरण नंतर

बहुतेक गट कामाला सुरुवात करतात ती उपकरणांच्या यादीपासून : एक कॅमेरा, प्रकाश तरंगलांबीनुसार वेगळा करून मोजणारा एक स्पेक्ट्रोमीटर, तापमान आणि दाब मोजणारे सेन्सर, जमल्यास आणखी काही. ही सवय मोडावी. आधी एक प्रश्न लिहावा आणि तो आकड्यांत मांडता येईपर्यंत यानाचे चित्र काढूच नये.

एक प्रश्न घेऊ. शुक्राच्या ढगांखाली सल्फर डायऑक्साइड दर दहा लाख भागांत सुमारे १५० भाग इतका आहे. ढगांच्या माथ्यावर मात्र तो हजारो पटींनी कमी होतो. १९७८ मध्ये शुक्रावर पोहोचलेल्या अमेरिकेच्या पायोनियर व्हीनस यानाने पुढील काही वर्षांत ढगांवरच्या सल्फर डायऑक्साइडमध्ये दहा पटींहून अधिक घट नोंदवली, आणि २००६ ते २०१४ या काळात काम केलेल्या युरोपच्या व्हीनस एक्स्प्रेस यानालाही त्यात मोठे चढउतार दिसले. हे चढउतार ज्वालामुखींमुळे होतात की वातावरणातील उभ्या अभिसरणामुळे, हा प्रश्न खुला आहे. तो आकड्यांत मांडायचा म्हणजे असे लिहायचे : 'ढगांच्या माथ्यावर, म्हणजे सुमारे ७० किमी उंचीवर, सल्फर डायऑक्साइडचे प्रमाण दर आठवड्याला, निदान दोन वर्षे, २० टक्क्यांपेक्षा कमी त्रुटीने मोजणे.' या एका वाक्यातून कक्षा, उपकरण, वीज, डेटा आणि खर्च या सर्वांच्या मर्यादा ठरत जातात. दहा पटींचा बदल ओळखण्यासाठी २० टक्क्यांची त्रुटी चालते. आठवड्यागणिक होणारा लहान बदल पकडायचा असेल तर ती चालत नाही, आणि मग उपकरण जड होते, महाग होते, कधी कधी अशक्यही होते.

त्रुटीचे अंदाजपत्रक याच टप्प्यावर मांडावे. समजा, कॅलिब्रेशनची (उपकरणाचे आकडे माहीत असलेल्या प्रमाणाशी ताडून पाहण्याची) त्रुटी १० टक्के, उपकरणात शिरणाऱ्या भरकटलेल्या प्रकाशाची ५ टक्के, तापमानातील फरकामुळे येणारी ५ टक्के आणि इलेक्ट्रॉनिक गोंगाटाची ८ टक्के आहे. या त्रुटी परस्परांवर अवलंबून नसतील तर प्रत्येकीचा वर्ग करून बेरजेचे वर्गमूळ काढावे. उत्तर सुमारे १४.६ टक्के येते. म्हणजे २० टक्क्यांच्या मर्यादेत थोडी जागा उरली. ही उरलेली जागा गटातील कोणीही परस्पर वापरू नये. ती ज्याच्या ताब्यात आहे त्याचे नाव अंदाजपत्रकावर लिहावे.

कोणत्या उंचीवरून मोजायचे

शुक्राच्या पृष्ठभागावर सुमारे ९२ बार (एक बार म्हणजे जवळपास पृथ्वीवरील समुद्रसपाटीचा दाब) दाब आणि ४६४ अंश सेल्सिअस तापमान असते, तर ५५ किमी उंचीवर दाब सुमारे अर्धा बार आणि तापमान नाशिकच्या एखाद्या सुखद दुपारइतके असते. एकाच ग्रहाच्या या दोन ठिकाणांसाठी तयार केलेली याने एकमेकांशी जराही मिळतीजुळती नसतात. परिक्रमा करणारे यान वर्षानुवर्षे संपूर्ण ग्रह पाहते, पण ढगांखालचे त्याला अंधुक दिसते. खाली उतरणारा प्रोब थराथरातून जातो, पण एकाच जागी आणि तासाभरापुरता. फुगा या दोहोंच्या मधला मार्ग आहे : १९८५ च्या जूनमध्ये सोव्हिएत वेगा मोहिमेने सोडलेले दोन हीलियमचे फुगे सुमारे ५४ किमी उंचीवर ४६ तासांच्या आसपास तरंगत राहिले आणि त्यांनी वाऱ्याचे मोजमाप पृथ्वीवर पाठवले.

आपल्या प्रश्नाला कालावधी लागतो, म्हणून परिक्रमा करणारे यान हेच उत्तर आहे. प्रोब जोडण्याचा मोह होईल. विद्यार्थी-आराखड्यात तो टाळावा, असे माझे मत आहे. एक प्रोब म्हणजे दुसरी संपूर्ण मोहीम असते.

मात्र एकाच पद्धतीवर विसंबून राहू नये. १८ ऑक्टोबर १९६७ रोजी सोव्हिएत यान व्हेनेरा ४ शुक्राच्या वातावरणात उतरले. सुमारे १० वातावरणांचा, म्हणजे पृथ्वीवरील हवेच्या दाबाच्या १० पट, दाब गृहीत धरून त्याची बांधणी झाली होती. त्याच्या नोंदी १८ वातावरणांच्या आसपास थांबल्या, तेव्हा ते पृष्ठभागावर पोहोचले असा समज झाला. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेचे मरिनर ५ शुक्राजवळून गेले. ग्रहाच्या आड जाताना त्याचे रेडिओ संदेश वातावरणातून वाकले. त्या वाकण्यावरून घनता काढली आणि शुक्राची त्रिज्या रडारने मोजली, तेव्हा पृष्ठभाग आणखी बराच खाली असून तेथील दाब ७५ ते १०० वातावरणांच्या घरात असल्याचे स्पष्ट झाले. पुढे व्हेनेरा ७ ची बांधणी १८० वातावरणांच्या दाबासाठी करण्यात आली आणि १५ डिसेंबर १९७० रोजी पृष्ठभागावरून त्याने सुमारे २३ मिनिटे क्षीण संदेश पाठवला. म्हणून मुख्य उपकरणाच्या जोडीला वेगळ्या भौतिक तत्त्वावर चालणारे, कमी वजनाचे दुसरे मोजमाप ठेवावे. रेडिओ संदेश वाकण्याची पद्धत येथे स्वस्त पडते, कारण त्यासाठी यानावर एक अत्यंत स्थिर घड्याळ एवढेच मुख्यतः वाढवावे लागते.

उपकरणाची निवड आणि २८ चा पेच

सल्फर डायऑक्साइड अतिनील प्रकाशातील सुमारे २०० ते २३० नॅनोमीटरच्या पट्ट्यात ठळकपणे शोषण करतो, त्यामुळे ढगांवरून परतणाऱ्या सूर्यप्रकाशात हा पट्टा पाहणारा स्पेक्ट्रोमीटर हे आपले मुख्य उपकरण होय. निवड करताना 'या वायूसारखाच दिसणारा दुसरा कोण आहे' हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा. मंगळयानावरील मिथेन सेन्सरच्या नोंदींतून मिथेनचा संकेत कार्बन डायऑक्साइडच्या संकेतापासून खात्रीने वेगळा काढता आला नाही. पुढे त्या उपकरणाचा उपयोग मंगळाच्या पृष्ठभागाचे परावर्तन मोजण्यासाठी झाला. ज्या मोहिमेने पहिल्याच प्रयत्नात २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाची कक्षा गाठली, तिच्याबाबतही ही अडचण आली, यावरून तिचे गांभीर्य लक्षात यावे.

हाच पेच मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये अधिक स्वच्छ दिसतो, म्हणून तो जवळून पाहण्याजोगा आहे. हे उपकरण वायूच्या रेणूंना विद्युतभार देते आणि वस्तुमानानुसार त्यांची विभागणी करते. नायट्रोजनच्या रेणूचे वस्तुमान २८. कार्बन मोनॉक्साइडचेही २८. शुक्राच्या हवेत ९६.५ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे आणि त्याचे वस्तुमान ४४ असले, तरी विद्युतभार देताना त्याचे काही रेणू फुटतात व त्यांचा एक तुकडा पुन्हा २८ वरच येऊन पडतो. म्हणजे २८ च्या जागी उभी राहिलेली रेघ तीन वायूंची मिळून असते. ती सोडवण्यासाठी १४ वरची रेघ पाहावी लागते, कारण नायट्रोजन फुटला की १४ देतो. १२ ची रेघ कार्बनचा हिशेब देते, आणि २२ ची रेघ दुहेरी भारित कार्बन डायऑक्साइडची असते. हा फुटण्याचा हिशेब प्रत्येक उपकरणाचा वेगळा असतो. पुस्तकातला आकडा आपल्या उपकरणाला लागू पडेल असे समजू नये; शुद्ध वायू सोडून तो स्वतः मोजावा.

नाशिकमध्ये हे प्रत्यक्ष पाहण्याची सोय आहे. निर्यातीच्या द्राक्षांतील कीटकनाशकांचे अंश तपासणाऱ्या प्रयोगशाळांत जीसी-एमएस, म्हणजे मिश्रणातील घटक आधी वेगळे करून देणाऱ्या यंत्राला जोडलेला मास स्पेक्ट्रोमीटर, असते, आणि ते चालवणारे तंत्रज्ञ नमुन्याआधी 'ब्लँक' चालवणे, मग माहीत असलेले स्टँडर्ड चालवणे आणि मधूनमधून दोन्ही पुन्हा चालवणे हे रोज करतात. परवानगी घेऊन तेथे एक दिवस नुसते उभे राहिले, तरी रिकाम्या उपकरणातही रेघा का दिसतात आणि त्या का लिहून ठेवाव्या लागतात हे नीट समजते.

वायू आत घेण्याची वाट हा उपकरणाचाच भाग मानावा. पायोनियर व्हीनसच्या मोठ्या प्रोबवरील मास स्पेक्ट्रोमीटरचे अतिसूक्ष्म छिद्र सुमारे ५० किमी उंचीवर सल्फ्युरिक आम्लाच्या थेंबाने बुजले आणि ३० किमीच्या आसपास, उष्णतेने थेंब उडून गेल्यावर, पुन्हा मोकळे झाले. तेवढ्या थरातील हवेचे मोजमाप बुडाले. पण त्या थेंबातील पाणी उपकरणात गेल्यामुळे शुक्रावर जड हायड्रोजनचे प्रमाण पृथ्वीच्या सुमारे शंभर पट आहे हे उघड झाले. असा योग दुसऱ्या कोणाच्या वाट्याला येईल यावर आराखडा बेतू नये. गाळणी, तापवता येणारी नळी आणि दुसरे राखीव छिद्र ठेवावे.

कॅलिब्रेशन : सर्वांत जास्त वेळ येथे द्यावा

यान निघून गेल्यावर उपकरण उघडून पाहता येत नाही. म्हणून उड्डाणापूर्वी त्याचे प्रत्येक वैगुण्य आकड्यांत माहीत असणे, हाच तयारीचा गाभा आहे. माझ्या मते आराखड्याच्या एकूण वेळापत्रकातील सर्वांत मोठा तुकडा कॅलिब्रेशनला द्यावा आणि उशीर झाला तरी त्यातून वेळ कापू नये. प्रत्यक्षात नेमके उलट घडते : बांधणी लांबते, उड्डाणाची तारीख हलत नाही, आणि मधल्या मध्ये कॅलिब्रेशन आकसते.

मंगळावर फिरणाऱ्या नासाच्या क्युरिऑसिटी या गाडीचा अनुभव येथे दोनदा उपयोगी पडतो. २०१३ मध्ये तिच्या उपकरणांनी मंगळाच्या हवेतील नायट्रोजन सुमारे १.९ टक्के असल्याचे कळवले होते. पुढे पृथ्वीवरील जुळ्या उपकरणावर कॅलिब्रेशनचे प्रयोग नव्याने केल्यावर तो आकडा अडीच टक्क्यांच्या वर गेला. म्हणून जे उपकरण पाठवायचे त्याचे हुबेहूब जुळे जमिनीवर ठेवावे, आणि तो खर्च चैन समजून कापू नये. दुसरा अनुभव मिथेनचा. लेसरच्या प्रकाशमार्गातील एका कप्प्यात फ्लोरिडातील हवेबरोबर पृथ्वीवरचा मिथेन शिरलेला होता. त्यामुळे मोजणीच्या पेटीत वायू नसताना एकदा आणि असताना एकदा मोजून फरक घ्यावा लागला. दर अब्ज भागांत एखाद-दोन भाग शोधायचे असतील, तर उपकरणाला चिकटून गेलेली आपली हवा हाच पहिला संशयित असतो.

आता टेबलावरचा सराव. बाजारात काही शे रुपयांत मिळणारा बीएमई२८० हा सेन्सर ३०० ते १,१०० हेक्टोपास्कल (१,००० हेक्टोपास्कल म्हणजे एक बार) इतका दाब मोजतो. मंगळावर सरासरी दाब ६ हेक्टोपास्कलच्या आसपास असल्याने तेथे तो निरुपयोगी आहे. शुक्राच्या ५५ किमीवरचे ५०० हेक्टोपास्कल मात्र त्याच्या पल्ल्यात बसतात. असे दोन सेन्सर घ्यावेत. नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे आणि अंजनेरीचा माथा सुमारे १,२८० मीटरवर, त्यामुळे पायथ्यापासून माथ्यापर्यंत चढताना दाब सतत उतरत जातो. शहर आणि माथा यांच्यातील फरक सुमारे ७० हेक्टोपास्कल येतो. एक सेन्सर खाली एका जागी ठेवावा, दुसरा वर न्यावा. चढायला लागणाऱ्या वेळात हवामानामुळेही दाब बदलत असतो, आणि तो बदल खालच्या सेन्सरच्या नोंदीतून वजा करायचा असतो. निघण्यापूर्वी आणि परतल्यावर दोन्ही सेन्सर शेजारी ठेवून त्यांच्यातील फरक लिहावा. तो फरक सकाळ-संध्याकाळ सारखा नसेल, तर का नाही हे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये.

या नोंदींवरून दाब एक भागिले २.७ इतका होण्यास किती उंची लागते ते काढावे. नाशिकच्या उबदार हवेत उत्तर ८.७ किमीच्या जवळपास यायला हवे. ही उंची तापमान, रेणूंचे वस्तुमान आणि गुरुत्वाकर्षण यांवरून सूत्राने काढता येते, आणि तेच सूत्र मंगळासाठी सुमारे ११ किमी आणि शुक्राच्या तळाशी सुमारे १६ किमी देते. आपले उत्तर ७ किंवा ११ आले, तर आधी सूत्रावर नव्हे, दाबाच्या आणि उंचीच्या नोंदींवर संशय घ्यावा. तापमानाचा सेन्सरही तपासावा. मायक्रोकंट्रोलरच्या बोर्डाला चिकटवलेला सेन्सर बोर्डाच्याच उष्णतेने दोन-तीन अंश जास्त दाखवतो, उन्हात तर आणखी जास्त. क्युरिऑसिटीवरील हवामान सेन्सर मुख्य खांबापासून बाहेर काढलेल्या दांड्यांवर बसवले आहेत, ते वारा आणि तापमान यांवरचा यानाचा प्रभाव कमी व्हावा म्हणूनच. सेन्सर दूर, सावलीत आणि वाऱ्यात ठेवून तोच प्रयोग पुन्हा करावा.

फुगा किंवा ड्रोन उडवण्याचा विचार करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की नाशिकभोवती ओझरचा विमानतळ आणि देवळालीचे लष्करी क्षेत्र आहे. लेखी परवानगीशिवाय दोरीला बांधलेला फुगाही सोडू नये. डोंगर चढणे पुरेसे आहे.

सल्फर डायऑक्साइडच्या सेन्सरसाठी नाशिकइतके सोयीचे गाव सापडणे कठीण. निर्यातीच्या द्राक्षपेटीत बुरशी रोखण्यासाठी घातला जाणारा ग्रेप गार्डचा कागद ओलाव्याच्या संपर्कात हा वायू सोडतो. त्याचा लहान तुकडा झाकणबंद डब्यात किंचित ओला करून ठेवला, तर सेन्सर प्रतिसाद देतो की नाही, किती वेळात देतो आणि वायू काढून घेतल्यावर शून्यावर परत यायला किती वेळ घेतो, हे तिन्ही तपासता येते. हे कॅलिब्रेशन नव्हे, कारण डब्यातील प्रमाण आपल्याला माहीत नसते. त्यासाठी प्रमाणित वायूचा सिलिंडरच लागतो. प्रयोग खिडक्या उघडून करावा आणि दम्याचा त्रास असलेल्यांनी त्यापासून लांब राहावे. शून्यावर परत येण्याचा वेळ बहुतेक गट मोजत नाहीत. तो मोजावा, कारण थराथरातून वेगाने खाली जाणाऱ्या प्रोबवर रेंगाळणारा सेन्सर वरच्या थराची हवा खालच्या थराच्या नावावर लिहितो.

तापमानाच्या चढउतारासाठी पिंपळगाव बसवंत परिसरातील एखाद्या पॅकहाऊसच्या कोल्ड स्टोरेजमध्ये उपकरण ठेवू देण्याची विनंती करावी. शून्य अंशाजवळची ती खोली आणि बाहेरचे ऊन यांत फिरवले की सेन्सरची शून्य-रेषा सरकताना दिसते. बाहेर काढताना उपकरण हवाबंद पिशवीत ठेवावे आणि बाहेरच्या तापमानाला आल्यावरच पिशवी उघडावी. नाहीतर थंड सर्किटवर पाणी सुटते आणि बोर्ड जातो.

यानाची बांधणी

शुक्राजवळ सूर्यप्रकाश पृथ्वीच्या जवळजवळ १.९ पट प्रखर असतो. त्यामुळे सौर पॅनेल लहान चालतात, पण उष्णता बाहेर टाकण्याचे पृष्ठभाग मोठे लागतात आणि ते कायम सावलीकडे राहतील अशा रीतीने यान वळवावे लागते. स्पेक्ट्रोमीटरचा डिटेक्टर थंड ठेवायचा असल्याने त्याची जागा उष्णतेच्या हिशेबातून ठरते, जागेच्या सोयीने नव्हे.

निर्वात अवकाशात गोंद, रंग, केबलचे वेष्टण यांतून वाफा निघतात आणि थंड भिंगावर बसतात. अतिनील स्पेक्ट्रोमीटरसाठी हे फार घातक असते. म्हणून प्रत्येक पदार्थ १२५ अंशांवर २४ तास निर्वातात ठेवून तपासण्याची प्रचलित पद्धत आहे : वजनातील एकूण घट १ टक्क्याच्या आत आणि थंड पृष्ठभागावर जमणारा अंश ०.१ टक्क्याच्या आत असावा. वापरलेल्या प्रत्येक चिकटपट्टीची नोंद ठेवावी, सातपूरच्या दुकानातून ऐनवेळी आणलेल्या पट्टीचीही.

इंजिनाच्या नळ्यांकडे वैज्ञानिकांचे लक्ष नसते. ते असावे. जपानचे अकात्सुकी ७ डिसेंबर २०१० रोजी शुक्राच्या कक्षेत शिरणार होते. इंधन आणि ऑक्सिडायझर यांच्या वाफा झडपेपाशी एकत्र येऊन क्षार साचला, इंधनाचा प्रवाह कमी पडला आणि मुख्य इंजिन निकामी झाले. दिशा वळवण्यासाठी असलेल्या लहान इंजिनांच्या आधारे त्याला बरोबर पाच वर्षांनी, ७ डिसेंबर २०१५ रोजी, कक्षेत नेता आले. झडप तपासताना ती कोरडी असताना चालते का एवढेच पाहू नये. वाफांच्या सान्निध्यात महिनोन्‌महिने राहिल्यावर चालते का, हेही पाहावे.

प्रोब असलाच, तर उष्णतारोधक कवचाचे वजन डोळ्यांत भरते. गुरूच्या वातावरणात ७ डिसेंबर १९९५ रोजी सेकंदाला ४७ किमी वेगाने शिरलेल्या गॅलिलिओ प्रोबच्या ३३९ किलोपैकी १५२ किलो कवचच होते, आणि त्यातील सुमारे ८० किलो काही सेकंदांत जळून गेले.

चाचण्या

क्रम असा ठेवावा : आधी एकेका भागाची विद्युत चाचणी, मग कंपन, मग निर्वातातील गरम-थंड चक्रे, आणि प्रत्येक टप्प्यानंतर पुन्हा कॅलिब्रेशन. कंपनाने भिंग केसभर सरकले तरी आधीचे कॅलिब्रेशन रद्द होते. भारतात संपूर्ण यानासाठी असे निर्वात कक्ष बंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्रात आहेत; विद्यार्थ्यांच्या टेबलावरील नमुन्याला सातपूर किंवा अंबडच्या एखाद्या कारखान्यातील व्हॅक्यूम पंप आणि जाड काचेची घंटा पुरते.

कागदपत्रांची शिस्त शिकायची असेल तर ओझरच्या विमान कारखान्यात आयुष्य घालवलेली निवृत्त मंडळी नाशिकमध्ये गल्लोगल्ली भेटतात, त्यांना विचारावे. दिवस संपताना पेटीतील प्रत्येक पाना मोजणे, कोणता स्क्रू किती जोराने आवळला ते लिहिणे, ज्याने काम केले त्याने स्वतःच तपासणीची सही न करणे, या गोष्टी विमान उद्योगाने पूर्वीच अंगवळणी पाडल्या आहेत.

दिशा आणि चिन्ह यांच्या चाचण्या वेगळ्या कराव्यात. गॅलिलिओ प्रोबचे छत्र ५३ सेकंद उशिरा उघडले, आणि त्यामागे त्वरण ओळखणाऱ्या स्विचची जोडणी उलटी झाली असावी असा निष्कर्ष निघाला. त्यामुळे सर्वांत वरच्या थरातील नोंदी गेल्या. ८ सप्टेंबर २००४ रोजी जेनेसिस यानाची कुपी छत्र न उघडता युटाच्या वाळवंटात आदळली, तेथेही असेच स्विच उलटे बसवलेले होते. स्विच चालू होतो हे दाखवणारी चाचणी पुरेशी नाही. यान ज्या दिशेने मंदावणार आहे त्याच दिशेने ते झटकून पाहावे. एककांचेही तसेच. मार्स क्लायमेट ऑर्बिटर सप्टेंबर १९९९ मध्ये गमावले, कारण एका संगणक-प्रणालीने आवेगाचे आकडे पाउंड-सेकंदांत दिले आणि दुसरीने ते न्यूटन-सेकंदांत आहेत असे धरले. गटातील प्रत्येक फाइलच्या प्रत्येक स्तंभावर एकक लिहावे.

शेवटी संपूर्ण साखळीची चाचणी, खऱ्या परिस्थितीत. शनीच्या टायटन या चंद्रावर उतरणाऱ्या हायगेन्स प्रोबचा संदेश त्याला घेऊन गेलेल्या कॅसिनी यानावरील रिसीव्हरने घ्यायचा होता. उड्डाणानंतर, २००० साली, पृथ्वीवरून खोटा संदेश पाठवून केलेल्या चाचणीत असे दिसले की, दोन यानांच्या सापेक्ष वेगामुळे संदेशाच्या लयीत पडणारा फरक रिसीव्हरला पेलत नाही. कॅसिनीचा मार्ग बदलून, टायटनपासूनचे अंतर सुमारे १,२०० किमीवरून ६०,००० किमीपर्यंत वाढवून, ती मोहीम वाचवण्यात आली. इतके करूनही १४ जानेवारी २००५ रोजी दोनपैकी एक वाहिनी चालू करण्याचा आदेश आदेशमालेत राहून गेला आणि निम्मी छायाचित्रे गेली. त्या वाहिनीवरचे वाऱ्याचे मोजमाप पृथ्वीवरील रेडिओ दुर्बिणींनी थेट ऐकलेल्या संदेशावरून बरेचसे परत मिळवले.

स्वच्छता

जंतूंबाबतचे आंतरराष्ट्रीय नियम शुक्रासाठी सौम्य आहेत. मंगळावर उतरणाऱ्या यानांसाठी मात्र ते कडक असून पृष्ठभागावर दर चौरस मीटरला सरासरी ३०० बीजाणूंची मर्यादा पाळावी लागते. शुक्रयानासाठी धूळ आणि तेलकटपणा यांचीच काळजी अधिक घ्यावी, तीही प्रकाशीय उपकरणांसाठी.

आदेश, डेटा आणि रंगीत तालीम

शुक्राचे अंतर पृथ्वीपासून सुमारे ३.८ कोटी ते २६ कोटी किमी या दरम्यान बदलते. संदेशाला २ ते १४ मिनिटे लागतात आणि दूर असताना त्याची ताकद जवळ असतानाच्या सुमारे ४७ पट कमी होते. आराखडा दूरच्या अंतरावर बसवावा. समजा त्या अंतरावर सेकंदाला २०,००० बिट इतका वेग आणि दिवसाला ८ तास अँटेना मिळते, तर दिवसाकाठी ५७.६ कोटी बिट उतरवता येतात. १,००० तरंगलांबींचा, प्रत्येकी १६ बिटचा स्पेक्ट्रम दर १० सेकंदांनी घेतला, तर दिवसाला सुमारे १३.८ कोटी बिट लागतात. म्हणजे निवांत बसते. आता कोणी म्हणते, एक कॅमेरा घालू. १,०२४ × १,०२४ बिंदूंचे, १२ बिटचे एक छायाचित्र सुमारे १.२६ कोटी बिटचे होते. अशी दिवसाला ४० घेतली की बेरीज ६४ कोटींवर जाते आणि डेटा यानावरच साचू लागतो. कॅमेरा नको असे नाही, पण तो कशाच्या बदल्यात हे आधी ठरवावे. माझ्या मते छायाचित्रे दहावर आणावीत आणि स्पेक्ट्रमला हात लावू नये.

रंगीत तालमीत एका माणसाने यान व्हावे. त्याला वेगळ्या खोलीत बसवावे, आदेश चिठ्ठीने पाठवावेत आणि चिठ्ठी १४ मिनिटे अडवून मगच द्यावी. उत्तरही तितक्याच उशिराने यावे. आदेशात लिहिले नसेल ते त्याने करू नये. मधेच त्याला गुपचूप सांगावे की सेन्सर बिघडला आहे, आणि बाहेरच्या गटाला ते केवळ आकड्यांवरून ओळखू द्यावे. यान स्वतःहून सुरक्षित अवस्थेत कधी जाते, तेथे काय बंद होते आणि त्यातून बाहेर काढायचा आदेश कोण देतो, याचे नियम बहुतेक वेळा अशा तालमीनंतरच नीट लिहिले जातात.

डेटा साठवताना गुळगुळीत केलेले आलेख नव्हे, उपकरणाने दिलेली कच्ची मोजणी ठेवावी. तिच्याबरोबर त्या क्षणीचे उपकरणाचे तापमान, वापरलेले कॅलिब्रेशन, त्याची तारीख आणि ते करणाऱ्याची सही असावी. शुक्राच्या ढगांत फॉस्फीन हा वायू असल्याचा दावा २०२० मध्ये झाला, तेव्हा १९७८ च्या पायोनियर व्हीनस प्रोबच्या मास स्पेक्ट्रोमीटरचे जुने आकडे संशोधकांनी नव्याने तपासायला घेतले. आपल्या गटाची फाइल चार दशकांनी एखाद्या अनोळखी माणसाने उघडली, तर २८ च्या रेघेत नायट्रोजन किती आणि कार्बन मोनॉक्साइड किती हे त्याला कोणालाही न विचारता काढता आले पाहिजे. त्यासाठी शुद्ध वायूंवर केलेल्या मोजणीचा तक्ता त्याच फाइलमध्ये जोडावा.